बेळगावी मराठी बोलणाऱ्याला टीव्हीवर निवेदन जमेल का? आणि स्टुडिओत पडद्यामागे नेमकं काय चालतं?

जमेल. कोण नाही म्हणतंय? पण तुमचा प्रश्न वाचला आणि मला एक दिवस आठवला, तो आधी सांगतो.

मी सात-आठ वर्षं बेळगावात एका केबल चॅनलच्या स्टुडिओत साउंड बघायचो. स्टुडिओ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, भिंतींना फोम, मागं काळा पडदा आणि हजार वॅटचे दोन लाइट. टेक सुरू झाला की एसी बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये यायची. दहा मिनिटांत आत भट्टी व्हायची.

दिवाळीच्या कार्यक्रमात जात्यावरच्या ओव्या म्हणायला वडगावच्या एका आजींना बोलावलं होतं. जातं त्यांच्याच घरचं. आम्ही चौघांनी ते जिन्यावरून वर चढवलं. प्रोड्यूसर म्हणाले, नुसतंच फिरवा, पीठ सांडून फ्लोअर खराब होईल. आजींनी खुंट्यावरचा हात काढून घेतला. "रिकामं जातं फिरवू नये बाळ. जोंधळे आणा की." मी पळत जाऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दोन किलो जोंधळे घेऊन आलो. साउंडच्या बाजूनंही आजींचंच बरोबर होतं. रिकाम्या जात्यात दगडावर दगड घासतो, त्या करकरीत गळा बुडून जातो. दाणा पडला की तीच घरघर मऊ होऊन खाली उतरते आणि ओवी तिच्यावर बसते. फरशीतून हादरा माईकच्या स्टँडला जात होता, म्हणून जात्याखाली गोणपाट दुमडून घातलं. लेपल, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माईक, लावलाच नाही. हात फिरला की काकणं वाजत होती आणि पदर घासत होता. गन माईक, म्हणजे लांबून आवाज टिपणारा नळीसारखा माईक, समोरून, फ्रेमच्या जरा खाली धरला.

पहिला टेक. दोन ओव्या झाल्या आणि आजी आपसूक बोलायला लागल्या, "मी सासरला आलो तवा ह्यो खुंटा माझ्या हातात मावत नव्हता..."

"कट!" काचेपलीकडून प्रोड्यूसर सर. "आजी, 'आलो' नाही, 'आले' म्हणा."

आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या टेकला आजी 'आले' म्हणाल्या आणि पुढची ओवी विसरल्या. तिसऱ्याला घाम पुसायला थांबल्या. चौथ्या टेकला प्रत्येक वाक्याआधी फ्लोअर मॅनेजरच्या तोंडाकडं बघत होत्या, बरोबर की चूक म्हणून. तोच चौथा टेक टीव्हीवर लागला.

मी सरांना म्हटलं, पु. लं.चे रावसाहेब बेळगावचेच, त्यांचं बोलणं महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. ते म्हणाले, "लोक त्यावर हसतात." तेव्हा मी गप्प बसलो. आज सांगतो. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीत जन्मले, 1924 साली. देवासला आजारपणात पडून असताना माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांनी कान देऊन ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. आधी शुद्ध बोला, मग गा, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आणि रावसाहेबांच्या बोलण्यावर लोक नुसते हसत नाहीत, शेवटी रडतातही.

पहिला टेक ठेवा, एवढं मी मागितलं होतं. पण 60 मिनिटांची मिनी डीव्ही टेप आम्ही चार-पाच वेळा वापरायचो. पुढच्याच आठवड्यात तिच्यावर पाककृतींचा कार्यक्रम चढला. आजी वारल्यावर नातू सीडी मागायला आला, त्याला चौथा टेक दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "आवाज आज्जीचाच आहे, पण आज्जी अशी बोलायची नाही ओ."

तर तुमचा प्रश्न. मुलाखती, सणवार, गावची जत्रा, शिवजयंतीचे चित्ररथ, हे सगळं आपल्या मराठीत करा, बिनधास्त. आणि समोरच्याचं बोलणं मध्येच थांबवून दुरुस्त करू नका. वाक्य अडखळलं तर हाताचा, जात्याचा एखादा कटअवे, म्हणजे मध्ये जोडायला वेगळा शॉट, घेऊन ठेवा, एडिटला जोडता येतं. आम्हाला तेव्हाही येत होतं.

बातम्या वाचायच्या असतील तर मात्र प्रमाण मराठी घोटावी लागेल. बातमी चंदगडपासून निपाणीपर्यंत सगळे ऐकतात, तिथं एक ठरलेली भाषा लागते, हे मला मान्य आहे. सरांबद्दलही सांगायला हवं. पगार त्यांनी एक महिनाही चुकवला नाही, आणि लोडशेडिंगमध्ये जनरेटरचं डिझेल स्वतःच्या खिशातून भरायचे. पण त्या दिवशी ते चुकले.

पीसीआर म्हणजे कंट्रोल रूम, मिक्सर वगैरे तिथं गेल्यावर आठवड्यात कळतं. ऑडिशनला बारीक रेघांचे कपडे घालू नका, कॅमेऱ्यात रेघा थरथरतात. काकणं काढून ठेवा. आणि माईक लावला की तो चालूच आहे असं धरून बोला.