गळ्याची सोनोग्राफी : उपाशी यायचं का?

प्रश्न : सासूबाईंच्या (वय ६२) गळ्याला पुढून आवाळू आलंय, आवंढा गिळला की वर-खाली होतं. थायरॉइडची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी गळ्याची सोनोग्राफी सांगितलीय, त्यासाठी जळगावला आणायचंय. उपाशी आणू का? ‘मशीनची किरणं लागतील’ म्हणून त्या घाबरल्यात.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, आधी त्यांना खाऊ घाला. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी बोलावतात, म्हणून गळ्याच्या तपासणीलाही लोक पहाटेच्या एसटीने रिकाम्या पोटी येतात आणि आमच्या बाकावर चक्कर येऊन बसतात. गळ्यासाठी उपास नको, लघवीही रोखायची नाही. गोळी रोजच्यासारखी घ्यायची, अर्ध्या तासाने न्याहारी, मग बस.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी असतात.

खांद्याखाली उशी ठेवून मान मागे टाकायला सांगतात. गळ्याला जेल लावतात. ते गार लागतं, पण मे महिन्यात जळगावात त्याची तक्रार कुणी करत नाही. मग प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, हलका दाबून फिरवतात. गळा दुखत नाही, अवघडते ती मान. मणक्याचा त्रास असेल तर झोपण्याआधीच सांगा, उशी पातळ करता येते. मध्येच ‘आवंढा गिळा’ म्हटलं तर गिळायचा, म्हणजे ग्रंथी वर सरकते आणि छातीच्या हाडामागे दडलेला भाग दिसतो. एरवी बोलायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत होतं. गळ्यातली पोत काढून तुमच्याकडे ठेवा. काही आजी ती काढू देत नाहीत. मी हट्ट धरत नाही, हनुवटीवर सरकवून काम भागवते.

रिपोर्टात ‘टायरॅड्स’चा आकडा असेल, म्हणजे गाठ कितपत संशयास्पद दिसते त्याची १ ते ५ अशी श्रेणी. तो जितका मोठा तितका कर्करोगाचा संशय जास्त, पण ५ लिहिलं म्हणजे कर्करोग ठरला असं नाही. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या २०१७च्या नियमांप्रमाणे ३ आकड्याची गाठ अडीच सेंटिमीटरची झाली, तर सुईने तपासायला सांगतात. ५ची असेल तर एक सेंटिमीटरलाच.

गोळीचा डोस मात्र या तपासणीवरून ठरत नाही, त्याला रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) लागतं. तो रिपोर्ट आणा, आणि जुनी सोनोग्राफी असेल तर तीही. जुनं माप हाती नसेल तर गाठ वाढली की तेवढीच आहे, हे मला सांगता येत नाही.