कस्टडी नेहमी आईलाच मिळते का?

तुम्ही विचारलंय की मुलगी चार वर्षांची आहे, कोर्ट आईलाच मूल देतं, मग बापाने लढायचं तरी कशाला. मी इंदूरचा, माझी मुलगी तिच्या आईकडे आहे, साडेतीन वर्षं पेश्या केल्यात (इकडे तारखेला पेशीच म्हणतात) म्हणून लिहितोय.

तुम्ही हिंदू कायद्यात येत असाल तर १९५६ च्या गार्डियनशिप अ‍ॅक्टचं कलम ६ वाचा. त्यात नैसर्गिक पालक (म्हणजे मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेणारा) म्हणून पहिलं नाव बापाचं आहे, आईचं त्याच्यानंतर, आणि हे 'नंतर' म्हणजे बाप गेल्यावरच असं नाही हे सुप्रीम कोर्टाला १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या केसमध्ये सांगावं लागलं. त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असंही आहे. म्हणजे बाप सह्या करणार नि आई सांभाळणार, हे आधीच ठरवून टाकलंय, यात दोघांवरही अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. कलम १३ मात्र सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर, आणि तुमची केस तिथेच उभी राहते.

मला समोरच्या वकिलांनी विचारलं, मुलीची वेणी कोण घालणार? अहो मीच घालायचो, तिच्या आईची सकाळची शिफ्ट, सव्वासातची बस, ती पोळीचा रोल खात उभी आणि मी मागून दोन वेण्या, लाल रिबिनी. पण दाखवायला एक कागद नव्हता, शाळेच्या डायरीत सही तिच्या आईची, डॉक्टरच्या फाइलवर नाव तिच्या आईचं. मी तिथे कमी पडलो.

तेव्हा तुम्ही काय करता ते आजपासून कागदावर येऊ द्या, फीच्या पावत्या, लसीकरण, टीचरचे मेसेज सगळं. आणि भेटीसाठी अंतरिम अर्ज लगेच टाका, केस संपायची वाट बघू नका, कारण मूल वर्ष-दोन वर्षं एका घरात रुळलं की कोर्ट त्याला सहसा हलवत नाही. प्रत्यक्ष भेट जमत नसेल तर व्हिडिओ कॉल मागा, २०२० मध्ये यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर स्पष्ट लिहिलंय. मुलीला गुपचूप उचलून आणायचा विचारही करू नका, आणि तिच्या आईबद्दल अर्जात वाटेल ते लिहू नका, उद्या मुलगी मोठी होऊन ते वाचेल हो.

माझी आता शनिवार-रविवार माझ्याकडे असते, आजीशी मराठीत भांडते. कस्टडीचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की परत अर्ज करता येतो, मी पुढच्या महिन्यात उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी करतोय.