‘टर्निंग पॉइंट’वाले ते आजोबा कोण होते?

प्रश्न : आमच्या लहानपणी दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ लागायचं, त्यात पांढऱ्या विस्कटलेल्या केसांचे एक आजोबा लोकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे. माझी मुलगी अकरावीत आहे, म्हणते मलाही टीव्हीवर सायन्स सांगायचंय. त्या आजोबांनी कोणता कोर्स केला होता हो?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, कोर्सबिर्स काही नाही. ते प्रोफेसर यशपाल. जन्म १९२६ चा, झंगचा, ते आता पाकिस्तानात आहे. फिजिक्स शिकले, मुंबईला टीआयएफआर म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत कॉस्मिक किरणांवर, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या किरणांवर काम केलं, अमेरिकेत एमआयटीतून १९५८ मध्ये पीएचडी. टीव्हीशी गाठ पडली ती आधी पडद्यामागे. १९७३ ला अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरचे पहिले डायरेक्टर झाले आणि १९७५-७६ मध्ये नासाचा एक सॅटेलाइट वर्षभर वापरायला मिळाला तेव्हा सहा राज्यांतल्या जवळपास २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला, आपल्या शेजारी रायपूरकडेही, आणि अँटेना कशाची माहितीये का, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ना तसल्या जाळीची!

मग यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे चेअरमन वगैरे. ‘टर्निंग पॉइंट’ आलं तेव्हा साठी उलटली होती. सूत्रसंचालन गिरीश कर्नाडांकडे, आणि हे आपले निवांत, विचार करत करत बोलायचे, मला तर कर्नाडांपेक्षा यांचीच वाट असायची.

१९९५ चं ग्रहण आठवतं का, २४ ऑक्टोबर, ऐन दिवाळीत? आमच्याकडे आईनं खिडक्यासुद्धा लावून घेतल्या, बाहेर नको जाऊ बाप्पा म्हणे, आणि इकडे टीव्हीवर यशपाल सर लाइव्ह, पोरासारखे खूश. मी मागच्या दारानं सटकलो. नागपुरात खग्रास नव्हतं, पण अंगणात कडुनिंबाखाली बघतो तर उन्हाचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे, शेकडो! आईला हाक मारली तर आलीच नाही, नंतर मात्र दारातून वाकून बघितलं तिनं.

अजून एक. शाळेच्या ओझ्यावर सरकारनं त्यांची समिती नेमली होती, १९९३ ला रिपोर्ट आला. त्यात म्हटलं होतं की दप्तराच्या वजनापेक्षा न समजता शिकण्याचं ओझं जास्त वाईट. मुलगी अकरावीत आहे म्हणून मुद्दाम सांगतो, ट्यूशनची फी भरताना आठवा.

२०१७ ला गेले ते.

आता मुलीचं. आधी फिजिक्स नीट होऊ द्या, कॅमेरा काय मोबाइलमध्येही आहे. तोवर एक काम द्या तिला. झाडाखाली रोजच कवडसे पडतात, पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात तरी बरेचसे कवडसे गोलच का दिसतात हे आजीला समजावून सांगायचं, वहीपेन न घेता. आजीनं मधेच “काहून पण?” विचारलं तर चिडायचं नाही, परत पहिल्यापासून सांगायचं.