मॅडम, आता किती टक्के बरा झाला?

मी मानसिक आजारांचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. स्किझोफ्रेनिया असो की बायपोलर, गोळ्यांनी कानात येणारे भासाचे आवाज थांबले, झोप लागायला लागली, की घरचे खुर्ची पुढे ओढून विचारतात, मॅडम, आता किती टक्के? पूर्वी मीही "सत्तर-पंचाहत्तर" असं काहीतरी ठोकून द्यायचे. ते बंद झालं अमोलमुळे (नाव आणि बरेच तपशील बदललेत).

अमोल 31 वर्षांचा, नाशिकचा, दहा वर्षांचा आजार, शेवटची ॲडमिशन होऊन तीन वर्षं झालेली. डॉक्टरांच्या मते लक्षणं कंट्रोलमध्ये, आईच्या मते (मी त्यांना काकू म्हणते) "नुसता लोळत असतो". आता लक्षणं मोजायची पट्टी वेगळी असते, पॅन्स नावाच्या पट्टीत 30 मुद्दे आहेत आणि मार्क डॉक्टर देतात, तेही हवंच, पण माणसाचे दिवस कसे जातायत हे त्यात सापडत नाही. म्हणून मी जागतिक आरोग्य संघटनेची, माणसाचं जगणं कसं चाललंय हे त्यालाच विचारणारी 26 प्रश्नांची प्रश्नावली काढली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, 1 ते 5 मध्ये गोल करायचा, 1 म्हणजे अजिबात नाही किंवा फार नाराज, 5 म्हणजे भरपूर किंवा फार समाधानी. शरीर, मन, नाती आणि आजूबाजूची परिस्थिती असे चार वेगळे स्कोअर निघतात, त्यांची बेरीज करून एक आकडा काढायचाच नसतो. म्हणजे काकूंना हवा तो टक्का त्यात मुळात नाहीच.

काकूंनी पेन घेतलंच. "त्याला नाही कळायचं हो, मी भरते." मी दोन कॉप्या दिल्या आणि दोघांना लांब बसवलं. लैंगिक आयुष्याच्या प्रश्नावर काकूंनी सरळ काट मारली, "हे त्याला कशाला?" अमोलने तिथे 1 ला गोल केला होता, दोनदा गिरवून.

मित्रांच्या आधाराबद्दल मात्र 4. मी खूश.

"कोण कोण मित्र आहेत रे?"

"कोणीच नाही."

"मग 4 कसे?"

"नाहीतच, तर तक्रार कोणाची करू?"

खरं सांगते, मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या 4 आणि 5 वर समाधान मानून फायली बंद केल्या, त्यातले किती असे असतील? दीर्घ आजारात माणूस हळूहळू अपेक्षाच पुसून टाकतो, आणि कागदावर ते समाधान म्हणून उमटतं. तेव्हापासून मी आकड्यापाशी थांबत नाही, प्रत्येक गोलामागे "कसं काय?" विचारते. वेळ जातो, पण समुपदेशन तिथेच सुरू होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचा गोल पैशाचा. गरजेपुरते पैसे आहेत का? 1. काकू उसळल्याच, "काय कमी आहे याला? जेवण, कपडे, गोळ्या, रिचार्जसुद्धा मी मारते!" अमोलने शर्टाच्या खिशात हात घातला, घड्या घालून चिरलेलं प्रिस्क्रिप्शन निघालं, बाकी काही नाही. "टपरीवर चहा प्यायचा तरी तुझ्याकडे मागायचे, मग तू विचारणार कशाला, कोणाबरोबर."

काकू गप्प. मग खूप वेळाने, "अरे पण तू सिगारेट ओढशील ना." भीती खोटी नव्हती, त्यावर आम्ही चार सेशन बोललो. शेवटी ठरलं, दर 1 तारखेला सहाशे रुपये, हिशोब मागायचा नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर टक्के विचारू नका. गेल्या दोन आठवड्यांत तू स्वतः काय ठरवलंस, कोणाशी बोललास, कशाचा वैताग आला, हे विचारा आणि उत्तर त्यालाच देऊ द्या, मध्ये तोंड घालू नका. आजार उसळलेला असताना ही चौकशी नको, आधी डॉक्टर. आणि लोळणं म्हणजे दरवेळी आळस नसतो, कधी आजाराचाच भाग असतो, कधी गोळ्यांची गुंगी, वजनही गोळ्यांनी वाढू शकतं, ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, डोस बदलता येतो. पण गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, अजिबात नाही.

तीन महिन्यांनी परत प्रश्नावली भरली. पैशाला 3. मित्रांना 4 वरून 2. काकूंचा चेहरा पडला, "उतरले की हो मार्क!" मला मात्र मनातून केवढा आनंद झालेला, पण तो दाखवायच्या आधी विचारलं, काय झालं रे?

"टपरीवर एक जण असतो, क्रिकेटचं बोलतो. दोन आठवडे आलाच नाही."