आईच्या सीओपीडीच्या औषधाने फरक पडतोय का, हे घरी कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यात राहणाऱ्या आईने जन्मभर कपाशीच्या काड्यांवर चूल पेटवली, आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार निघाला. सहा महिने पंप चालू आहेत, तरी फुंकण्याच्या चाचणीतला आकडा हलत नाही. मग औषध लागू पडतंय का?

मी श्वसनाच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते. त्या एका आकड्यावर औषधाचा निकाल लावू नका. तो आकडा एफईव्ही१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. रोग ओळखायला आणि नुकसान किती ते पाहायला तो हवाच. पण एकाच वेळी केलेल्या दोन चांगल्या फुंकींतही १५० मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, म्हणजे ५०-६० मिलिलिटर वर-खाली होण्याला काही अर्थ नाही. निरोगी माणसाचाही आकडा वयाबरोबर दरवर्षी २५-३० मिलिलिटरने उतरतोच. जागेवर राहिलाय ही वाईट बातमी नाही.

एक वही करा आणि तीन गोष्टी मोजा: त्रास किती, ताकद किती, वर्षात दुखणं किती वेळा बळावलं.

त्रासासाठी डॉक्टरांकडून कॅट नावाची प्रश्नावली मागून घ्या. खोकला, कफ, छाती भरून येणं, चढावर किंवा जिन्यावर लागणारा दम, घरातली कामं, बाहेर पडायची धास्ती, झोप, अंगातली ताकद असे आठ प्रश्न; प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ४०. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. दोन गुण कमी झाले तरी ती खरी सुधारणा मानतात. दर दोन-तीन महिन्यांनी भरा, आणि तिच्या मनाने भरू द्या. शेजारी बसून सुनेने उत्तरं सुचवली की गुण बिघडतात.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आपल्याकडच्या बाया काहीही विचारलं तरी “बरं शे” म्हणतात. शिवाय दम लागतो म्हणून बाई हळूहळू हंडा उचलणं सोडते, शेतात जाणं सोडते, मग ओट्यावरच बसून राहते. बसून राहिल्यावर दम लागत नाही, गुण कमी येतात आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. म्हणून गुणांशेजारी कामं लिहा: पाणी कोण भरतं, भाकरी थापताना मध्ये थांबावं लागतं का, अंघोळीनंतर किती वेळ बसावं लागतं, मंदिरापर्यंत कितीदा थांबते. गुण उतरले आणि कामंही सुटली, तर ती सुधारणा नाही.

ताकदीसाठी दवाखान्यात सहा मिनिटं चालवतात, त्याला ३० मीटरची सरळ मोकळी जागा लागते. छोट्या अंगणात वळणंच जास्त होतात आणि अंतर कमी भरतं. घरी त्यापेक्षा एक मिनिटाची उठ-बस बरी. हात नसलेली, साधारण १८ इंच उंच खुर्ची भिंतीला टेकवा, हाताचा आधार न घेता एका मिनिटात पूर्ण उभं राहून किती वेळा बसते ते मोजा. तीन उठ-बशा वाढल्या तर फरक आहे. खुर्ची दर वेळी तीच हवी. पहिली चाचणी फिजिओथेरपिस्टसमोरच करा. बसल्या जागी ऑक्सिजन कमी असेल, छातीत दुखत असेल किंवा गुडघे फार दुखत असतील तर घरी करूच नका.

ऑक्सिमीटर पाच मिनिटं शांत बसून, ऊब असलेल्या बोटाला लावा. नेलपॉलिश, काळी मेंदी नको. उठ-बस झाल्यावरही दोन मिनिटं काढू नका, सगळ्यात खालचा आकडा बरेचदा थांबल्यावर दिसतो. बसल्या जागी वारंवार ८८ किंवा त्याखाली येत असेल तर डॉक्टरांना कळवा. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा गुंगी आली तर आकड्याची वाट न बघता १०८ लावा.

तिसरी नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तीच कुणी ठेवत नाही. दम, कफ नेहमीपेक्षा वाढून अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या की तारीख आणि औषधाचं नाव लिहा. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठीही वहीत चिकटवा. वर्षात असं दोनदा झालं, किंवा एकदा जरी भरती व्हावं लागलं, तर पुढचा धोका मोठा असतो आणि उपचार बदलायचा विचार होतो. याचा निकाल सहा महिन्यांत लागत नाही, पूर्ण वर्ष लागतं.

तुलना त्याच ऋतूशी करा. धुळ्याची डिसेंबरमधली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत औषधाचा हिशेब लागत नाही. चूल बंद होऊन गॅस आला असेल तर तोही महिना नोंदवा.

औषध बदला म्हणण्याआधी पंपात घालून ओढायच्या कॅप्सूल मोजा: रोज दोन असतील तर महिन्याला ६० संपायला हव्यात, उरल्या तर चुकत आहेत. मग आईला डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवू द्या. आधी पूर्ण श्वास सोडला का, ओठ घट्ट मिटले का, औषध ओढल्यावर दहा सेकंद श्वास धरला का, हे त्यांना पाहू द्या, आणि त्याच भेटीत वही पुढे ठेवा.