नागपुरात कृष्णकमळाच्या वेलाला फुले येतात, पण फळ धरत नाही, काय करावे?

आपला वेल तीन वर्षांचा आहे, फुलांनी लगडतो आणि खत वाढवूनही फळ धरत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते दोष खताचा नसून परागीभवनाचा आहे. उलट नत्र जास्त झाले की नुसता पाला माजतो.

प्रथम आपला वेल कोणता, ते पाहावे. शोभेसाठी विकली जाणारी जांभळी कृष्णकमळे बरेचदा संकरित असतात आणि त्यांच्याकडून फळाची आशा धरण्यात अर्थ नसतो. खाण्याच्या पॅशन फ्रूटमध्ये, म्हणजे कृष्णकमळाच्याच वर्गातल्या फळवेलात, जांभळ्या सालीच्या जातीला स्वतःचे पराग चालतात, पण तिला थंड डोंगराळ हवा मानवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पिवळ्या सालीची जात अधिक तग धरते. मात्र तिला स्वतःचे पराग चालत नाहीत. म्हणून बियांपासून वाढवलेले निदान दोन वेगळे वेल जवळजवळ लावावेत. एकाच वेलाच्या छाट कलमांचे दोन वेल लावले, तर ते झाडाच्या दृष्टीने एकच होत.

पिवळ्या जातीचे फूल दुपारच्या सुमारास उमलते. ज्या पाच पुंकेसरांना आपण पांडव म्हणतो, त्यांच्या खालच्या बाजूला जड, चिकट पराग असतात. ते वाऱ्याने उडत नाहीत, मोठा काळा भुंगाच ते नीट वाहून नेतो. वरच्या तीन कुक्षी, म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, आधी उभ्या असतात आणि थोड्या वेळाने परागकोशांच्या पातळीपर्यंत खाली वाकतात. त्या वाकल्यावर दुसऱ्या वेलाच्या फुलातला परागकोश चिमट्याने तोडून तिन्ही कुक्षींवर हलकेच घासावा. पराग ओले झाले की फुटतात, त्यामुळे पावसाळ्यात कोरडी दुपार साधावी. फळ धरल्यास काही दिवसांतच फुलाच्या तळाशी हिरवी गाठ फुगू लागते, आणि ते पिकायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात.

काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वेल उंच वरंब्यावर लावावा. संत्र्याला मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून देतात तसा ताण मात्र या वेलाला कधीही देऊ नये, कारण माती सुकली की कळ्या आणि कोवळी फळे गळतात. मे महिन्यात आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन आणि मांडवावर हिरवी जाळी हवीच. फुले नव्या फुटीवरच येतात, तेव्हा बहार संपल्यावर हलकी छाटणी करावी. फळ हिरवे असताना तोडू नये. पिकले की ते आपोआप गळून पडते.