साताऱ्याच्या डोंगराळ, आतल्या भागात चार दिवस गाडीने फिरायचंय, प्लॅन कसा करावा?

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून निघायचं, ठोसेघर, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, प्रतापगड, कोयनानगर आणि जमलं तर चांदोली, हे सगळं चार दिवसात, सोबत आई-वडील, गाडी स्विफ्ट, महिना ऑक्टोबर, आणि वर गर्दी नको, शांत रस्ते हवेत. मी साताऱ्याचाच. आधी यादी निम्मी करा, मग पुढचं बोलू. यातली ठिकाणं चुकीची नाहीत पण ती एकमेकांना जोडलेली नाहीत, आणि नकाशात बघून हे कळतच नाही.

झालंय कसं की कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सरळ दक्षिणेला वाहते, पार हेळवाकपर्यंत, तिथे एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला येऊन कृष्णेला मिळते. धरण कोयनानगरला, म्हणजे त्या वळणाच्या जरा अलीकडे. त्यामुळे वरचं सगळं खोरं पाण्याखाली, तोच शिवसागर जलाशय, तापोळा-बामणोलीपासून थेट धरणापर्यंत पसरलेला. पश्चिमेला अभयारण्याचं जंगल, पूर्वेला डोंगराची रांग. आता तुम्ही म्हणता बामणोलीहून कोयनानगर, एकाच तलावाची दोन टोकं तर आहेत. पण काठाकाठाने जाणारा रस्ता नाही ना राव. गाडीने परत कास, सातारा, मग हायवेने उंब्रज, तिथून मल्हारपेठ, पाटण आणि मग कोयनानगर, शंभराच्या वर किलोमीटर होतात. बामणोली ते तापोळा पण तसंच, लाँचने पाण्यावरून मस्त जाता येतं पण गाडी घेऊन जायचं म्हटलं की मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर आणि मग खाली तापोळा असा वळसा. गाडी पलीकडे नेणारा तराफा आहे त्या भागात, पण त्याच्या वेळा गावात विचारल्याशिवाय त्याच्यावर प्लॅन बांधू नका, आई-वडील सोबत असताना तर नाहीच.

म्हणून माझं मत असं की रोज हॉटेल बदलायचं नाही. दोन मुक्काम ठरवा, एक सातारा-कास रोडला आणि एक कोयनानगर किंवा पाटणकडे. मधल्या दिवशी एकीकडून दुसरीकडे जा. महाबळेश्वर-प्रतापगड सरळ काढून टाका, तुम्हाला गर्दी नकोय आणि ऑक्टोबरात सुट्ट्या लागल्या की तिथे पार्किंगलाच अर्धा दिवस जातो. चांदोली पण वेगळ्या वेळी, ते सांगलीच्या शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात, आणि उद्यानात जायचं तर वनखात्याच्या नियमाने आणि वेळेनेच. उगाच जाता जाता होण्यासारखं ते नाही.

पहिल्या दिवशी पुण्याहून सकाळी लवकर निघालात तर सातारा साधारण ११० किलोमीटर, खंबाटकी घाटात ट्रकांची लाईन नसेल तर नाश्त्यालाच पोचाल. त्या दिवशी सज्जनगड-ठोसेघर बाजू करा, एकाच रस्त्यावर आहे. सज्जनगडाला गाडी बऱ्यापैकी वर जाते पण शेवटी पायऱ्या आहेतच, गुडघे दुखत असतील तर त्यांना विचारून ठरवा. रस्त्यात उरमोडी धरणाचं पाणी खाली दिसतं, तिथे थांबा. ठोसेघरला ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाणी असतं, जसजसा महिना सरतो तशी धार बारीक होते. पण माझ्या मते खरी मजा धबधब्याच्या पुढे आहे, चाळकेवाडीच्या पठारावर. आमच्याकडे अशा पठाराला सडा म्हणतात. वर पवनचक्क्याच पवनचक्क्या आणि सपाट मोकळा रस्ता, वारा एवढा की गाडीचं दार सांभाळून उघडायचं. बहुतेक लोक धबधबा बघून मागे फिरतात, त्यामुळे वर फारसं कोणी नसतं. अंधाराच्या आत मात्र खाली या, धुकं उतरलं की समोरचा पांढरा पट्टा पण दिसत नाही.

दुसरा दिवस कास आणि बामणोली. कास पठार साताऱ्यापासून २५ किलोमीटरच्या आसपास, यवतेश्वरचा घाट चढून जायचं. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यात कास आहे, आणि तेव्हापासून सीझनला शनिवार-रविवारी तिथे जत्राच असते. फुलांचा भर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेरडा, गेंद, सीतेची आसवं, सोनकी, मिकी माऊस. तुम्ही महिन्याच्या मध्यात येणार असाल तर फुलांची फार आशा धरू नका, तोवर गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं आणि खरं सांगू का मला तेच जास्त आवडतं, कारण गर्दी गेलेली असते. फुलांच्या दिवसात यायचंच असेल तर आठवड्याच्या मधला वार धरा आणि ऑनलाईन बुकिंग करूनच निघा. फुलात शिरून फोटो काढू नका एवढी मात्र विनंती आहे.

कास तलाव मागे टाकला की लोक विरळ होतात आणि बामणोलीपर्यंतचा उतार हा या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात देखणा रस्ता. झाडीतून वळत वळत उतरताना मधेच पाणी दिसतं, परत गायब होतं. बामणोलीला लाँच मिळते, दत्त मंदिर वगैरे दाखवून आणतात, आई-वडिलांना हे सगळ्यात सोपं, बसायचं आणि बघायचं. वासोटा किल्ल्याचं मनात असेल तर तो कोयना अभयारण्यात आहे, वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतो आणि चढ जंगलातला खडा आहे, त्यामुळे या ट्रिपला नको. जेवण तिथेच घरगुती, भाकरी आणि तलावातला मासा, पण पोचल्या पोचल्या सांगून ठेवा, आयत्या वेळी गेलात तर मॅगी खावी लागेल. या गावांमधे म्हातारी माणसंच जास्त दिसतील, धरणात जमिनी गेल्यावर कितीतरी गावं उठून लांब जाऊन वसली आणि उरलेल्या घरातली तरणी पोरं मुंबईला. कोणी हात दाखवला आणि गाडीत जागा असेल तर घ्या, एसटी आणि वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या जीपा, सोडलं तर त्यांना दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून हायवेने उंब्रज आणि तिथून पाटण. वाटेत चाफळचं राममंदिर थोडं आत आहे, वेळ असेल तर करा. पाटणला पोचल्यावर दोन पर्याय, सडावाघापूरचं पठार किंवा दातेगड. सडावाघापूरला पाऊस आणि वारा असेल तेव्हा उलटा धबधबा दिसतो, ऑक्टोबरात तो नसेल पण पठारासाठी जावं. दातेगडावर खडकात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे, अशी दुसरीकडे पटकन बघायला मिळत नाही, पण थोडं चालावं लागतं. मग कोयनानगर. धरणावर असंच जाता येत नाही, नेहरू उद्यानातून समोर दिसतं, उंची १०३ मीटर. वडिलांना विचारा, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप त्यांच्या पिढीला नक्की माहीत असणार, तो इथलाच. पुढे नवजाकडे ओझर्डे धबधबा आहे, तो भाग प्रचंड पावसाचा, त्यामुळे दिवाळीच्या आधी आलात तर बाकीकडे आटलं तरी इथे हिरवं असतं.

गाडीचं सांगतो. स्विफ्टला काही अडचण नाही, फक्त वर सामान लादू नका. डोंगरात किलोमीटर मोजायचे नाहीत, तासाला २५-३० धरा, त्याच्यापेक्षा जास्त धरलंत की संध्याकाळी घाई होते. ज्या गिअरमधे चढला त्याच गिअरमधे उतरा, न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे शहाणे बघितलेत, उताराला ब्रेक तापून वास यायला लागला की मग कळतं. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, एसटी दिसली तर मुकाट बाजूला घ्या, तिचा ड्रायव्हर रोजचा आहे, आपण नाही. धुक्यात अप्पर लावू नका, डिपरवरच चालवा. आणि कोयनेकडे संध्याकाळनंतर गाडी काढूच नका, रस्त्यावर गवा उभा असतो, काळा प्राणी काळ्या रात्री, अगदी जवळ गेल्यावर दिसतो. टाकी साताऱ्यात आणि पाटणला फुल्ल करा. कॅश ठेवा, नेटवर्क नसलं की क्यूआर कोड नुसता बघत बसायचा. मॅप आधीच डाउनलोड करून घ्या, आणि तो शॉर्टकट दाखवायला लागला तर आधी वडापवाल्याला विचारा.

चौथ्या दिवशी परत यायचं तर कराडवरून या, कोयना-कृष्णा मिळतात त्या प्रीतिसंगमावर पाय मोकळे करा, दुपारी ढाब्यावर अख्खा मसूर आणि भाकरी. मुंबईकडे जायचं असेल तर मात्र मागे येऊच नका, हेळवाकवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला निघा. कोयनेचं पाणी पण तसंच जातं, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पोफळीच्या बाजूला, तिथे वीज होते आणि मग वाशिष्ठीत सोडतात. त्या रस्त्याची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते, आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या आणि सकाळी उजाडल्यावरच घाट धरा.